बावीस वेळा घराबाहेर: एका वर्षाचा हिशोब

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर स्टॉपकडे लक्ष ठेवा, कारण आज हिशोब मांडायचाय.

२०२५ मध्ये मी २२ वेळा काहीतरी बघायला घराबाहेर पडले. सात नाटकं, सहा सिनेमे, पाच प्रदर्शनं आणि चार स्टँड-अपचे शो. तिकिटांवर गेले ४,३०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ३६०. नाटकाला बाल्कनी, सिनेमाला सकाळचा शो, प्रदर्शनं फुकट. पुण्यात पीजीत राहून हे परवडतं. आधीच सांगितलं, कारण सगळे पहिलं तेच विचारतात.

दुसरा प्रश्न असतो, "सगळं फोनवर येतंच की. मग कशाला जायचं?"

सिनेमापासून सुरू करू. १२ सप्टेंबरला एकाच शुक्रवारी 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी सिनेमे आले. पुढच्याच शुक्रवारी रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' आला. त्याच वर्षी जानेवारीत सनडान्स महोत्सवात त्याला मोठा पुरस्कार मिळाला होता. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा आनंद आणि त्याचा तिथला मित्र बाळ्या यांची ती गोष्ट. सिनेमा अगदी संथ आहे, कॅमेरा एकाच जागी बराच वेळ थांबतो. विसाव्या मिनिटाला माझा हात खिशाकडे गेला. घरी असते तर दीडपट वेगाने बघितला असता, किंवा एकीकडे रील्स चालू असते. थिएटरात तसं करता येत नाही. मग हळूहळू मला त्यातले आवाज ऐकू यायला लागले, माणसं गप्प का आहेत ते कळायला लागलं. पुढे ढकलायचं बटण नव्हतं, म्हणूनच तो सिनेमा मला भेटला.

स्टँड-अपचं वेगळंच. एका कॅफेतल्या ओपन माइकला मार्चमध्ये एका मुलाचा जोक सपशेल पडला. कुणीच हसलं नाही. त्याने फोनमधली नोट बघितली, पाणी प्यायला, पुढे गेला. ऑक्टोबरमध्ये तोच मुलगा, तोच जोक, आणि अख्खं कॅफे हसत होतं. त्याने शेवटचं वाक्य आधी आणलं होतं, बास! रीलमध्ये आपल्याला फक्त ऑक्टोबर दिसतो. मार्च बघायचा असेल तर तिथे जाऊन बसावं लागतं. नवीन काहीतरी शिकत असाल, तर मार्च बघणं फार धीर देतं.

प्रदर्शनांना मात्र लोक घाबरतात. "आपल्याला कळत नाही ना!" मी एकदा सकाळच्या डेक्कन क्वीनने मुंबईला गेले आणि सीएसएमटीवरून चालत काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून आहे, आत जायला पैसे लागत नाहीत. तिथे बरेचदा चित्रकार स्वतःच खुर्ची टाकून बसलेले असतात. लोक येतात, सेल्फी काढतात, जातात. मी एका चित्रकार काकूंना फक्त विचारलं, "याला किती दिवस लागले?" त्या पाऊण तास बोलत होत्या. कळत नसेल तर विचारायचं. सांगणारं माणूस समोरच बसलेलं असतं.

आता नाटक. दिवाळीनंतर आई बार्शीहून राहायला आली होती. तिला बालगंधर्वला घेऊन गेले. चांगली साडी नेसली, मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, मागच्या रांगेतल्या बाईंशी गप्पा झाल्या. नाटक विनोदी होतं, आई डोळे पुसत हसत होती. आणि मला जाणवलं, घरी टीव्हीवर एकही गोष्ट हिला मी शेवटपर्यंत बघताना पाहिलेलं नाही. मधेच कुकर, मधेच दार, मधेच "अगं माझा चार्जर कुठंय?" इथे अडीच तास तिला कुणीही काहीही मागू शकत नव्हतं. बाहेर पडल्यावर म्हणाली, "कितीतरी दिवसांनी सलग बसले गं."

सलग. मला वर्षभर काय मिळालं, ते या एका शब्दात आलं. आपल्यालाही दिवसभर कुणीतरी मागत असतं, फक्त ते नोटिफिकेशनच्या रूपात येतं.

अजून एक. ही यादी कायमची नसते. पहिल्या शनिवार-रविवारी माणसं आली नाहीत, तर छोट्या सिनेमाचे शो कमी होतात. नाटकाचे प्रयोग थांबले की थांबले. ओटीटीवर येईल तेव्हा बघू, हे प्रत्येक गोष्टीला लागू होत नाही.

सुरुवात करायचीये? शनिवार-रविवारचा मराठी पेपर घ्या, नाटकांच्या जाहिराती तिथे एकत्र मिळतात. बाल्कनीचं तिकीट काढा. सोबत कुणी नसेल तर एकटे जा, मी २२ पैकी १३ वेळा एकटीच गेले. आणि घरात सतत उठबस करणारं कुणी असेल, तर एकदा तरी त्यांना घेऊन जा.

तुम्ही शेवटचं काय सलग बघितलंत, ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. पुढच्या भागात ऐकवू. भेटू, काळजी घ्या!