मूल बोलत नाही, तेव्हा वाट किती पाहावी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बालवाडी विभागाच्या वतीने झालेले भाषण)



आपल्या संस्थेच्या बालवाडीत प्रवेशाच्या दिवशी आम्ही आईबापांना जे चार प्रश्न विचारतो, त्यांतला एक असा असतो : मूल काय काय बोलते? बहुतेक घरे या प्रश्नावर खुलतात आणि त्यांना थांबवणे कठीण होते. परंतु दरवर्षी एखाददुसरे घर असे निघते की, प्रश्न ऐकताच आई खाली बघते आणि आज्जी पुढे होऊन सांगते, "बोलेल की हो बाई! ह्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता? आता बघा, कोर्टात वकिली करतोय." वडिलांच्या वकिलीबद्दल आम्हांला आनंदच आहे. पण समोर बसलेले मूल तीन वर्षांचे असते, आणि ज्या काळात त्याला साहाय्याचा सर्वांत अधिक उपयोग झाला असता, त्यातला बराचसा काळ निघून गेलेला असतो. म्हणून आजचे आमचे बोलणे मुख्यतः घरोघरच्या आज्ज्यांना उद्देशून आहे. त्यांनी मनावर घेतले की घर हलते, हे बेळगावात कोणाला सांगायला नको.

प्रथम वयाचा हिशेब थोडक्यात सांगून टाकतो. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास मूल 'बाबाबा, दादादा' असे आवाज जोडू लागते. वर्षाचे होता होता नावाने हाक मारली की वळून बघते, टाटा करते, आणि एखादा शब्द बोलते. दीड वर्षाला असे दहाबारा तरी शब्द असावेत. दोन वर्षांना सुमारे पन्नास असावेत, आणि मुख्य म्हणजे दोन शब्द जोडता यावेत : 'आज्जी आली', 'अजून दुदू', 'भूभू गेला'. येथे पुष्कळ आया शब्द मोजताना उगाच कंजुषी करतात. 'मंमं', 'भुर्र', 'हम्मा', 'चिऊ', 'बाऊ' हे सर्व शब्दच आहेत. मूल दरवेळी त्याच गोष्टीला तोच आवाज करीत असेल, तर तो शब्द धरावा, मग तो शब्दकोशात असो वा नसो.

उच्चाराची काळजी मात्र या वयात करू नये. काकाला 'ताता' म्हणणे, रामाचा 'लाम' करणे हे दोन-अडीच वर्षांच्या मुलाला शोभते. दोन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसाला निम्मे कळले तरी पुष्कळ झाले. तीनला पाऊण भाग कळावा आणि चारला जवळजवळ सगळे. 'र' आणि 'ळ' सावकाश येतात, त्यांना येऊ द्यावे.

आता हे आकडे ऐकून कोणी घरी जाऊन वहीत शब्द मोजीत बसेल. मोजावेत, त्यात वाईट नाही. पण केवळ संख्येवरून आम्ही घाबरत नाही आणि केवळ संख्येवरून निश्चिंतही होत नाही. दोन वर्षांच्या शंभर मुलांत दहा ते पंधरा मुले उशिरा बोलणारी असतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पुढे आपोआप बरोबरीला येतात. आज्जींच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढेच. अडचण अशी की, आपले मूल त्या निम्म्यांतले आहे की उरलेल्यांतले, हे घरबसल्या कळत नाही. ते ताडण्यासाठी जिभेपेक्षा दुसरीकडे बघावे लागते.

फडताळावर कुंद्याचा डबा ठेवा. मुलाला तो दिसला पाहिजे, पण हात पोहोचता कामा नये. मग गप्प बसा. वर्ष-सव्वा वर्षाचे मूल बोटाने डबा दाखवते, आणि दाखवून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघते. हे वळून बघणे फार मोलाचे आहे. 'मला हवे आहे, आणि तुला ते कळले का?' एवढे सगळे त्यात येते. शब्द नसलेले हे बोलणेच होय. दीड वर्षाचे मूल बोट दाखवीत नसेल, हाताने टाटा-नमस्कार करीत नसेल, हवी ती वस्तू मिळवण्यासाठी आईचा हात एखाद्या हत्यारासारखा धरून ओढीत असेल आणि तोंडाकडे बघतच नसेल, तर दहा शब्द येत असले तरी त्याला दाखवून आणावे. उलट, शब्द पाचच आहेत, पण मूल बोट दाखवते, खुणा करते, सांगितलेले समजते, अशा मुलाबद्दल आशा पुष्कळ असते. तरी तपासणी करूनच निश्चिंत व्हावे.

'समजते' हा शब्द आम्ही जपून वापरतो, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. काही वर्षांपूर्वी अडीच वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला. हसरा, चपळ. शब्द सहासात. घरच्यांचे म्हणणे, "याला सगळं कळतं, फक्त बोलत नाही." आईने आमच्यासमोर 'पेला आण' म्हटले, त्याने आणला. 'चप्पल घाल' म्हटले, घातली. आमच्यातल्या एका जुन्या बाईंच्या लक्षात आले की, 'पेला' म्हणताना आई पेल्याकडे बघते आणि 'चप्पल' म्हणताना दाराकडे बघते. त्यांनी आईला हात मांडीवर ठेवून, मुलाच्या पाठीमागे बसून, साध्या आवाजात 'चेंडू दे' म्हणायला सांगितले. चेंडू त्याच्या पायाशी होता. मुलगा हललाही नाही. तो आईचे डोळे वाचून अडीच वर्षे काम भागवीत आला होता. बुद्धी चांगलीच असली पाहिजे, नाही तर इतके जमले नसते.

कानांची तपासणी झाली. दोन्ही कानांत पडद्याच्या मागे पाणी साचलेले होते. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांत हे फार आढळते. पुष्कळदा ते आपोआप ओसरते, पण महिनोन् महिने राहिले तर मूल जणू पाण्याखालून ऐकल्यासारखे ऐकते. त्याच्यावर उपचार झाले, वाचा-उपचारही सुरू झाले, आणि काही महिन्यांनी तो वाक्ये बोलू लागला. 'र'चा 'ल' अजून आहे.

या घराने कान पाहिलेच नव्हते असे नाही. आज्जीने पाठीमागून ताट वाजवून बघितले होते आणि मुलगा दचकला होता. हा ताटाचा प्रयोग जवळजवळ प्रत्येक घरात होतो आणि तो फसवा आहे. ऐकू येणे किंवा न येणे असे दोनच प्रकार नसतात. ताटाचा, दाराचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज मोठा असतो. बोलण्यातला 'आ' त्या मानाने हळू, आणि 'स', 'श', 'फ', 'थ' हे तर फारच नाजूक. ताट ऐकू येणाऱ्या मुलाला 'साखर' शब्दातून फक्त 'आ-अ' एवढेच ऐकू जात असेल, तर ते बोलणार कुठून? म्हणून आमचा आग्रह असा की, बोलण्याविषयी शंका आली की पहिली तपासणी कानांची. ती त्रासाची नसते. ओ.ए.ई. नावाची तपासणी कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होते. बेरा नावाची तपासणी मूल झोपले असताना डोक्याला तारा लावून करतात. टोचणे-कापणे काही नाही. खरे तर मूल महिन्याचे होण्याच्या आत कानांची पहिली चाळणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार, असा नियम आज जगभर मानतात. जन्मतः बहिऱ्या मुलांना श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया यांचा खरा लाभ पहिल्या काही वर्षांतच होतो.

येथे एक अवघड गोष्ट बोलून टाकतो. आपल्या भागात मामाची मुलगी करण्याची, काही घरांत भाचीशीच लग्न लावण्याची चाल आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. झालेल्या लग्नांबद्दल कोणाला बोल लावण्यात अर्थ नाही. पण अशा घरात मूल जन्मले, किंवा मूल फार कमी दिवसांचे जन्मले, काचेच्या पेटीत ठेवावे लागले, काविळीसाठी रक्त बदलावे लागले, तर शंकेची वाट न पाहता कान तपासून घ्यावेत.

आता भाषेचा प्रश्न, जो आपल्या गावात विशेष आहे. घरात मराठी, दारात कन्नड, शेजारी कोकणी, दूरदर्शनवर हिंदी, आणि शाळा इंग्रजी. मूल बोलेना, की कोणी शहाणा माणूस सल्ला देतो, "मुलाचा गोंधळ होतोय, घरात एकच भाषा बोला." ती एक भाषा बहुधा इंग्रजी असते. आम्ही अशी घरे पाहिली आहेत. आईबाप जेमतेम इंग्रजीत 'कम, सिट, ईट' म्हणू लागतात आणि आज्जी, जी दिवसभर त्या मुलाशी बोलत असे, चिऊकाऊचे घास भरवीत असे, ती 'आपलं मराठी नको' म्हणून गप्प होते. म्हणजे घरातला सर्वांत बोलका माणूसच आपण मुलापासून काढून घेतला! दोन किंवा तीन भाषा कानांवर पडल्याने मूल उशिरा बोलते, याला आधार नाही. ज्या मुलाला खरी अडचण असते, त्याला ती प्रत्येक भाषेत असते. म्हणून शब्द मोजताना सर्व भाषांचे मिळून मोजावेत. दुधाला घरात 'दुदू' आणि शेजारी 'हालु' म्हणत असेल तर ते दोन शब्द झाले. आणि 'अक्का', 'अण्णा', 'आज्जी' हे शब्द मराठी की कन्नड, याचा निवाडा आपण थोरांनीही अजून केलेला नाही! ज्या भाषेत आपल्याला लाड करता येतात, रागावता येते, गोष्ट रंगवता येते, त्या भाषेत मुलाशी बोलावे. वाचा-उपचार चालू असले तरीही.

बाकीच्या समजुती झटपट उरकतो. जीभ खाली चिकटलेली असणे हे उशिरा बोलण्याचे कारण नव्हे. फार तर काही उच्चारांना अडथळा होईल. वेखंड उगाळून मधातून चाटवल्याने वाचा फुटत नाही, आणि एक वर्षाच्या आतील मुलाला तर मध मुळीच देऊ नये, त्यातून विषबाधेचा धोका असतो. मुलगे मुलींपेक्षा उशिरा बोलतात हे खरे, पण तो फरक आठवड्यांचा किंवा एखाददुसऱ्या महिन्याचा, वर्षांचा नव्हे. अडीच-तीनच्या सुमारास काही मुले 'मी-मी-मी' करीत अडखळतात. बहुतेकांचे ते जाते, त्यांना 'नीट बोल' म्हणून टोकू नये. सहा महिने टिकले, किंवा बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, तर मात्र दाखवावे. मोबाईलविषयी एवढेच : दोन वर्षांच्या आत तो देऊच नये, दूरच्या काकूशी समोरासमोर बोलण्यापुरता चालेल, असे भारतातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. मोबाईल अखंड बोलतो, पण मूल काय म्हणाले ते ऐकून थांबत नाही.

आणि सुनेला दोष देऊ नये. "ही दिवसभर गप्प असते, म्हणून पोर मुकं" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. कमी बोलण्याने मुलाचे शब्द थोडे कमी होतील, पण मूल नावाला वळत नाही, बोट दाखवीत नाही, याचे कारण आईचा स्वभाव नव्हे.

थांबू नये असे प्रसंग कोणते? वर्षाचे मूल आवाजच काढत नाही किंवा हाकेला वळत नाही. दीड वर्षाला खुणा नाहीत, साधे सांगणे कळत नाही. दोनला शब्द जोडत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणत्याही वयात, येत असलेले शब्द मावळू लागले, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जावे. स्वमग्नतेची शक्यता पाहावी लागते. त्या नावाला भिऊन घरे वर्षवर्ष दडून बसतात. लोक काय म्हणतील याची भीती आम्हांला कळते, पण लोक मुलाला बोलायला शिकवीत नाहीत.

जायचे कोठे? २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी विनामूल्य होते. त्यांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, आणि बहिरेपणा व भाषेचा विलंब या दोन्ही गोष्टी त्यांच्या यादीत आहेत. तेथून मुलाला जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. मोठ्या संस्था म्हणजे म्हैसूरची १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईत वांद्र्याची १९८३ सालची अली यावर जंग संस्था. दोन्ही रात्रभराच्या प्रवासावर आहेत. खाजगी तज्ज्ञांकडे जाणार असाल, तर भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीतला त्यांचा क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. लहान मुलाचा वाचा-उपचार म्हणजे जिभेची कवायत नव्हे. तज्ज्ञ जमिनीवर बसून खेळतात आणि खेळता खेळता आईला शिकवतात : मूल 'पाणी' म्हणाले तर आपण 'गार पाणी हवं' म्हणावे, 'म्हण, म्हण' असा तगादा लावू नये, आणि विचारल्यावर मनातल्या मनात दहा मोजेपर्यंत थांबावे. हे थांबणे मोठ्यांना सर्वांत जड जाते.

जाताना प्रसूतीचे कागद, सर्व भाषांतल्या शब्दांची यादी, आणि घरी खेळतानाचे दोन-चार मिनिटांचे चित्रण न्यावे, कारण दवाखान्यात मुले हटकून गप्प बसतात. दिवसभर मुलाजवळ असणाऱ्या माणसाने बरोबर जावे, बहुधा त्या आज्जीच असतात. सरकारी दवाखान्यातला फॉर्म कन्नडमध्ये असेल. तो भरून देण्यासाठी आमच्यातल्या दोघी बरोबर येतात, आदल्या दिवशी बालवाडीत निरोप ठेवावा.