विमा नाही, म्हणजे मदतही नाही?

गोंदियात धानाची बांधी पाण्याखाली गेली की घरात एकच वाक्य ऐकू येतं: "आपण विमा काढलाच नव्हता, आता काय मिळणार?"

थांबा. विमा वेगळा, सरकारी मदत वेगळी. विम्याला हप्ता लागतो, मदतीला पंचनामा. तो तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक करतात. नुकसान किमान ३३ टक्के हवं.

मिळतं किती? राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा २०२२ ते २०२६ चा दर आहे कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, ओलिताला १७,०००. म्हणजे दोन एकर कोरडवाहू धानाला साधारण ६,९००. लागवडीचा सगळा खर्च यातून निघत नाही, पण हक्काचे आहेत, सोडायचे कशाला?

पैसे सातबाऱ्यावरच्या नावाने, आधार जोडलेल्या खात्यात येतात. म्हणून ठेक्याने शेती करणारा बरेचदा कोरडाच राहतो. ठेका ठरतानाच मदत कोणाची, ते बोलून घ्या.

आणि तुमचं काम एवढंच: बाबांचं आधार कोणत्या बँकेला जोडलंय, ते आधारच्या वेबसाइटवर दिसतं. आज फोन हातात आहेच, बघून घ्या. पाऊस विचारून येत नाही.