समुद्रातील भेद आणि समुद्रातील चढउतार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस ‘मच्छीमार कामगारांचे प्रश्न’ हा विषय दिला होता. तो आम्ही थोडा वळवून घेतला आहे, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. कामगारांच्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या, कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने परिस्थितिकीसारख्या शास्त्रावर बोलावे हे धाडसच आहे. पण आम्ही या शास्त्राकडे गेलो नाही. तेच एका अर्जाच्या निमित्ताने आमच्या दाराशी आले.

काही वर्षांपूर्वी एका हंगामात रापणकरांच्या हाती फारसे काही लागले नाही. रापण म्हणजे काय हे मालवणात सांगायला नको. पण व्याख्यान छापले जाणार म्हणून सांगतो. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावर आणायचे, माणसांच्या दोन रांगांनी ते ओढायचे आणि जे येईल त्याचे वाटे करायचे. त्या वर्षी वाट्याला काही येईना, म्हणून संघटनेतर्फे आम्ही मदतीचा अर्ज केला आणि त्यात मासळीचे टन मांडले. उत्तर आले की, एकूण टनांत विशेष घट नाही, आणि समुद्रात चढउतार चालायचेच. वाचून आमचा संताप झाला. चूक आमची होती हे उमगायला पुष्कळ दिवस लागले. रापणीत पूर्वी दहा जातींची मासळी येई, ती आता दोन-तीन जातींवर आली, हे आम्हांस म्हणायचे होते. आणि आम्ही लिहिले टन!

शास्त्राच्या पुस्तकांत यासाठी दोन निराळे शब्द आहेत: विषमांगता आणि परिवर्तनशीलता. आम्ही त्यांना भेद आणि चढउतार म्हणतो. एकाच गोष्टीचे माप कमीजास्त होते तो चढउतार. गोष्टीच निराळ्या असतात तो भेद. बांगडा यंदा कमी आला, पुढल्या वर्षी जास्त आला, हा चढउतार. खडकात तांबोसा, वाळूवर लेपा, चिखलावर सुंगट, खाडीत शेवटा, हा भेद.

प्रथम आमची समजूत अशी झाली की भेद जागेत असतो आणि चढउतार काळात. ही वाटणी सोपी आहे, पण ती टिकत नाही. तारकर्लीच्या पुळणीवरून समुद्रात शिरा. पाणी गुडघाभर, कमरेभर, पुरुषभर होत जाते. जागा बदलली, तरी बदलले ते एकच माप. उलट कर्लीच्या मुखाशी मे महिन्यात जा आणि जुलैत जा. जागा तीच, पण मे महिन्यातले खारे पाणी जुलैत नदीच्या लोंढ्याने गोडे आणि गढूळ झालेले असते, आणि त्यात राहणारे जीवही पुष्कळसे निराळे असतात. बदल काळातला, पण जातीचा. तेव्हा खरी कसोटी जागा की काळ ही नसून माप की जात ही आहे. विद्वानांतही याबाबत एकवाक्यता नाही, कित्येकजण दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. त्यांचे त्यावाचून अडत नसेल, आमचे अडले.

आता मालवणच्या धक्क्यावर उभे राहून पाहा. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग. १६६४ मध्ये शिवाजीमहाराजांनी ही जागा निवडली ती भोवतालच्या खडकांमुळे. शत्रूची गलबते ज्या खडकांवर फुटावीत, त्याच खडकांवर शिणाणे वाढतात आणि पाण्याखाली प्रवाळही आहे. उत्तरेस कोळंबची खाडी आणि तिच्यातली कांदळवने. दक्षिणेस देवबाग, एका अंगाला कर्ली आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. बाहेर खोलवर चिखलाचा तळ. हा सारा पसारा एका दिवसात पायी फिरून आणि होडीने हिंडून पाहण्याजोगा आहे. १९८७ मध्ये येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, तेही सारे मिळून एकोणतीस चौरस किलोमीटरचे. त्याला आमच्या लोकांनी विरोध केला आणि आम्हीही त्यात होतो. घरात आखलेली रेषा घरवाल्याला न विचारता आखू नये, हे आमचे म्हणणे आजही आहे. पण खडक राखण्याजोगा आहे, हे तेव्हाच्या भाषणांत आम्ही एकदाही बोललो नाही, हेही खरे.

भेदाचा आणि चढउताराचा संबंध काय, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत कार्ल हफेकर या शास्त्रज्ञाने केला आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याने ताटात संत्री मांडली आणि त्यांवर दोन जातींचे बारीक जीव सोडले. शास्त्रात त्यांना कोळीच म्हणतात, हसू नका. एक संत्र्यावर जगणारा, दुसरा त्या पहिल्याला खाणारा. मांडणी साधी होती तोवर खाणाऱ्याने भक्ष्याचा फडशा पाडला आणि मग स्वतः उपाशी मेला. पुढे हफेकरने संत्र्यांमध्ये रबरी चेंडू मिसळले, मधूनमधून व्हॅसलीनचे बांध घातले आणि लहान काटक्या उभ्या केल्या, म्हणजे भक्ष्याला धाग्यावर तरंगत दुसरीकडे पळता यावे. तेव्हा दोघांची संख्या तीनदा चढली आणि तीनदा उतरली. शेवटी तेही संपले. पण पुष्कळ काळ टिकले. चढउतार थांबला नव्हता. फक्त एका ठिकाणचा नाश हा सर्व ठिकाणचा नाश राहिला नव्हता.

हे वाचल्यावर आमच्या जुन्या भाषणांकडे आम्ही नव्याने पाहिले. ट्रॉलर आणि पर्ससीन या दोहोंविरुद्ध आमची घोषणा एकच असे. पण ट्रॉलरचे जाळे तळावरून फरफटत जाते. उंचवटे, शिंपल्यांचे थर, तळाला धरून राहणारे जीव सपाट करते. तो भेदावर घाव. पर्ससीन उथळ पाण्यात टेकले नाही तर तळाला लागत नाही. ते वरचा थवाच्या थवा वेढून उचलते. मासळीच्या उतरत्या वर्षी तसे झाले म्हणजे खड्डा अधिक खोल होतो. तो चढउतारावर घाव. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनचे परवाने आणि हंगाम यांना मर्यादा घातली. ती नीट पाळली गेली तर थव्याला उसंत मिळेल. घासून गेलेला तळ तेवढ्याने उभा राहणार नाही.

चढउतार किती मोठा असू शकतो हे तारलीने दाखवले आहे. केरळात २०१२ मध्ये ती चार लाख टनांच्या आसपास मिळाली, २०२१ मध्ये जेमतेम साडेतीन हजार टन, आणि २०२३ मध्ये पुन्हा लाखावर. अशा गोष्टीसाठी पडत्या वर्षांत रेशन, कर्जाला मुदत, विमा हे मागणे योग्य आहे, कारण मासळी परतण्याचा संभव असतो आणि तोवर माणूस जगला पाहिजे. पण कांदळवन तोडून भराव घातला तर त्याला पडते वर्ष कसे म्हणावे? तेथे वाढणारी सुंगटाची पिल्ले पुढल्या वर्षी कोठून यावीत? तेथे मदतीचा अर्ज करणे म्हणजे घर विकून भाड्याची पावती मागण्यासारखे आहे. मालकाशी वाटाघाट करताना आम्ही महागाईभत्ता आणि कामाची जागा बंद होणे या दोन गोष्टींची कधी गल्लत केली नाही. समुद्राशी मात्र केली.

म्हणून आता काही रापणींवर आम्ही वही ठेवली आहे. तिच्यात टनांचा रकाना शेवटचा. आधी जागा, तळ वाळूचा की खडकाजवळचा, पाणी गढूळ की निवळ, आणि मग जातवार टोपल्या. जाती मोजण्याचे काम रापणीच्या वाट्याची मासळी विकणाऱ्या बायांकडे दिले, कारण जाळ्याजवळच्या पुरुषांना ‘बारीक मासळी’ या एका नावाखाली सात जाती घालण्याची सवय आहे. एका वृद्ध बाईंनी पहिल्याच दिवशी आम्हांस विचारले, “जी मासळी येयनासाच झाली, तिचो रकानो खंय?” तो रकाना आम्ही केला नव्हता. आता केला आहे, आणि त्यात जी नावे त्या सांगतात ती लिहून घेतो. वहीला दोनच हंगाम झाले आहेत. एवढ्यावरून भेद किती गेला आणि चढउतार किती, हे सांगता येत नाही. निदान दहा हंगाम लागतील असे आम्हांस वाटते. वह्यांचा खर्च संघटना करते. लिहिणारी माणसे कमी पडतात. या सभेत जे शिक्षक आणि विद्यार्थी बसले आहेत, त्यांनी सकाळी रापण ओढण्याच्या वेळी पुळणीवर यावे.