विश्वामित्रीच्या दरडीतला वसंत
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, असे आपण म्हणतो. फाल्गुनात विश्वामित्रीच्या खोऱ्यात हिंडताना त्याचा पडताळा येतो. पावागडाच्या बाजूला पळस फुललेला असतो. येथे त्याला खाखरा म्हणतात, एवढाच फरक. काटेसावरीच्या लाल फुलांवर साळुंक्या व बुलबुल यांची झुंबड उडते. पायाखाली भुईरिंगणीची जांभळी फुले आणि पिवळा धोत्रा दिसतो. हा धोत्रा मूळचा मेक्सिकोचा. पण येथे असा रुजला आहे की त्याला कोणी परका समजत नाही. आपणा मंडळींना हे उदाहरण जवळचे वाटावे.

मात्र बडोद्याचा खरा वसंत झाडांवर नाही, तो नदीच्या मातीच्या दरडीत आहे, असे आम्हांला नम्रपणे सांगावयाचे आहे. या दिवसांत दरडीकडे निरखून पाहिले म्हणजे लहानलहान गोल भोके दिसतात. चिमणीएवढा हिरवा वेडा राघू चोचीने माती उकरून हातभर लांब बीळ खणतो व त्याच्या टोकाशी अंडी घालतो. खंड्याचे घरटेही असेच. आणि याच काठावर, पाण्यापासून थोड्या उंचीवर, मगरीण आपले घरटे खणीत असते.

लाखोंच्या वस्तीतून वाहणाऱ्या नदीत मगरी नांदाव्यात, हे विश्वामित्रीचे वैशिष्ट्य होय. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांच्या विणीचा काळ. मादी खड्डा करून बहुधा पंचवीस-तीस अंडी घालते, मातीने झाकते आणि जवळपास राहून राखण करते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरते. सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडाशी, आतून पिल्लांचा आवाज येऊ लागतो. तेव्हा आई माती उकरते आणि ज्या जबड्याचे आपल्याला भय, त्याच जबड्यात पिल्ले अलगद धरून पाण्यात नेऊन सोडते.

ऑगस्ट २०२४ च्या महापुरात पाणी घराघरांत शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही वस्तीत आल्या. ज्यांचे संसार भिजले, त्यांच्यापुढे मगरीचे कौतुक करणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. नदीचे पात्र मोकळे व्हावयासच हवे. त्यासाठी २०२५ च्या उन्हाळ्यात पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम झाले. परंतु यंत्रांना सोयीचे असे हे कोरडे महिने नेमके दरडीतल्या अंड्यांचेही आहेत. मगरीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले आहे. पण ते मगरीपुरते राहून भागणार नाही, दरडीलाही लाभले पाहिजे. काठ एकदा दगड-सिमेंटने बांधून काढला की तेथे ना राघूला बीळ खणता येते, ना मगरीला घरटे. पूर ओसरतो, गेलेला मातीचा काठ परत येत नाही.

म्हणून आमची दोन मागणी आहेत. पहिली, मुलाबाळांना घेऊन सकाळी नऊच्या सुमारास कमाटीबागेतील पुलावर जावे. काठावर उतरू नये. पुलावरूनच, जमल्यास दुर्बिणीने, पाहावे. ऊन खात पडलेली मगर प्रथम ओंडकाच वाटेल, धीर धरावा. दुसरी, काठाच्या कामाची चर्चा निघेल तेव्हा आपण नागरिक म्हणून एवढेच विचारावे: मातीची दरड कोठे राखणार, आणि विणीच्या महिन्यांत काम कोठे थांबवणार?

महाराष्ट्रातून येताना आपल्या वाडवडिलांनी कृष्णा-गोदेच्या आठवणी बरोबर आणल्या. आपली मुले मात्र विश्वामित्रीच्या काठी वाढत आहेत. त्यांची नदी हीच.