रात्रपाळीच्या डॉक्टरचे शिक्षण

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने वैद्यकावर बोलावे, हा आपणांस आगाऊपणा वाटेल. पण या विषयाकडे मी हौसेने वळलेलो नाही. माझ्या धाकट्या भावाला लिम्फोमा झाला होता. केमोथेरपीच्या तिसऱ्या फेरीनंतर दहाव्या दिवशी रात्री त्याला ताप भरला. जवळच्या एका रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला आस्थेने तपासले. घसा स्वच्छ, छाती स्वच्छ, कुठे जखम नाही. तेव्हा पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी या’ म्हणून सांगितले. सकाळी रक्तदाब कोसळला होता. तिसऱ्या दिवशी भाऊ गेला.

त्या डॉक्टरवर माझा राग नाही. पुस्तकात हे त्याने वाचले असणारच. केमोथेरपीनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात. पू व्हायला, सूज यायला, फुप्फुसाच्या चित्रात डाग दिसायला याच पेशी लागतात. त्याच नसल्या तर जंतू रक्तात शिरूनही शरीर बाहेरून निर्दोष दिसते. ताप हीच काय ती एक खूण उरते. म्हणून अशा रुग्णाला आल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून प्रतिजैविक द्यावे, तपासणीसाठी रक्त काढून घ्यावे, पण अहवालाची वाट पाहू नये, असा दंडक आहे. पण परीक्षेत लिहिलेले उत्तर रात्री दोन वाजता, बाहेर पाच रुग्ण खोळंबले असताना, हाताला आठवणे ही वेगळी विद्या आहे. कर्करोग पसरून मणक्यातील मज्जारज्जू दाबला जातो तेव्हाही असेच घडते. पाठदुखी म्हणून वेदनाशामक दिले जाते. रुग्ण चालत असतानाच उपचार झाले तर तो बहुधा चालता राहतो. पाय एकदा पूर्ण गेले की सहसा परत येत नाहीत.

ही विद्या सरावाने येते. वैमानिकाला आपण प्रवाशांच्या जिवावर शिकू देत नाही. एडविन लिंक यांनी १९२९ मध्येच जमिनीवर राहून विमान चालविण्याचे यंत्र बनविले. वैद्यकात नॉर्वेतील आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने १९६० मध्ये श्वास देण्याच्या सरावासाठी पुतळा आणला. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज यांनी निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. मला ही दुसरी वाट अधिक मोलाची वाटते, कारण तिला भांडवल लागत नाही. एक कार्यकर्ता खाटेवर झोपतो. ‘कणकण आहे, साहेब’ एवढेच म्हणतो. केमोथेरपीचे आपण होऊन सांगत नाही. डॉक्टरने विचारले तरच सांगतो. घड्याळ चालू असते. वीस मिनिटांनी रक्तदाब उतरल्याचा आकडा पुढे केला जातो. नंतर सगळे एकत्र बसतात आणि वेळ कुठे गेला, याची दोषारोप न करता चर्चा होते. शिक्षण खरे तिथे होते. लाखोंचा पुतळा आणून तो काचेच्या खोलीत कुलपात ठेवायचा आणि तपासणी समिती आली की बाहेर काढायचा, हा प्रकार मी एका महाविद्यालयात पाहिला आहे. त्याला शिक्षण म्हणत नाहीत.

आता माझ्या शास्त्राकडे येतो. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले की, जे कौशल्य कामगार कुठल्याही मालकाकडे वापरू शकतो, त्याचा खर्च मालक करत नाही. बेकर आपल्या पंथाचे नव्हेत, पण निरीक्षण खरे आहे. आज शिकविलेला डॉक्टर उद्या शेजारच्या रुग्णालयात जाणार, मग आम्ही का शिकवावे? कंत्राटावरील डॉक्टरच्या बाबतीत तर सरकारही असेच वागते. बेकर म्हणतील, शिकणाऱ्याने स्वतः सोसावे. पण या शिक्षणाचा लाभ शिकणाऱ्याला थोडा आणि दाराशी आलेल्या अनोळखी रुग्णाला फार. म्हणून हा भार समाजाचा आहे. पुतळ्याची किंमत त्यात किरकोळ; खरा खर्च म्हणजे चार डॉक्टर आणि दोन परिचारिका यांना दोन तास कामातून मोकळे करणे. रिक्त पदे न भरता हे होणार नाही.

आपल्यातील काहीजण विचारतील, जिथे औषध नाही तिथे हे नाटक कशाला? प्रश्न रास्त आहे. सरावाने डॉक्टरची तयारी वाढते हे दिसते. त्याने नेमके किती प्राण वाचतात हे मोजणे अवघड आहे, हेही मान्य करतो. पण हा सराव प्रत्यक्ष अपघात विभागात केला तर एक गोष्ट हमखास होते. इंजेक्शन कपाटात आहे, कपाटाची किल्ली औषधनिर्मात्याकडे आहे आणि तो सायंकाळी घरी गेला आहे, हे रुग्ण मरण्याआधी कळते.

भारतात २०२२ मध्ये कर्करोगाचे नवे रुग्ण अंदाजे चौदा लाख होते. मोठी केंद्रे शहरांत आहेत. मुंबईत परळला केमोथेरपी घेऊन माणूस गावी परततो आणि ताप त्याला गावी येतो. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून आपल्याकडे मान्यता मिळाली तीच २००९ मध्ये. त्यामुळे तालुक्याच्या दाराशी बसलेला डॉक्टर बहुधा त्या विषयाचा नसतो.

आपल्यापैकी जे रुग्ण कल्याण समितीवर आहेत, त्यांनी पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी मागाव्यात: असा सराव तीन महिन्यांतून एकदा, आणि पहिला सराव रविवारी रात्री. खाटेवर झोपायला माणूस हवा असेल तर मी येतो. कसे कण्हायचे ते मला ठाऊक आहे.