ओझे वाहणारी पाठ
(वार्षिक सभेतील मनोगत)



पुणे शहर झोपेत असते, तेव्हा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात मालाच्या गाड्या रिकाम्या होऊ लागतात. आपल्या ताटातील भाजी-भाकरी कोणाच्या तरी पाठीवरून आलेली असते. ती पाठ दुखू लागली, की एका घराची चूल संकटात येते. म्हणून आज जुनाट कंबरदुखीविषयी चार शब्द.

२०२० साली जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. बहुतेकांच्या बाबतीत एखादे विशिष्ट कारण तपासणीत सापडत नाही. मात्र कमरेला आतून आधार देणाऱ्या स्नायूंचे काम पुष्कळदा मंदावलेले आढळते. पोटाच्या सर्वांत आतील स्नायू हा जणू निसर्गाने बांधलेला कंबरपट्टा आहे. हात उचलण्याच्या क्षणभर आधीच तो आवळला जातो. कंबरदुखीच्या रुग्णांत मात्र त्याला उशीर होतो, असे हॉजेस व रिचर्डसन या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले.

या स्नायूंचे व्यायाम साधे आहेत. उताणे निजून, गुडघे वाकवून, श्वास न रोखता पोट हलकेच आवळावे. हात-गुडघ्यांवर ओणवे राहून उजवा हात व डावा पाय, मग डावा हात व उजवा पाय सरळ करावा. कुशीवर होऊन, कोपर व गुडघ्यांच्या आधारे कंबर उचलून धरावी. प्रत्येक स्थिती काही क्षण टिकवावी आणि कालावधी हळूहळू वाढवावा. पायातली शक्ती कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप आला, तर मात्र व्यायाम थांबवून तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

हा काही जादूचा उपाय नव्हे. इतर व्यायामांपेक्षा तो सरस ठरत नाही, असे २०१६ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले. म्हणजे व्यायामाच्या नावापेक्षा त्यातील सातत्य मोलाचे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाचा पुरस्कार केला. कंबरपट्टा आणि वजन लावून ओढ देणे हे नेहमीचे उपचार म्हणून नकोत, असे सांगितले.

हातावर पोट असणाऱ्याला 'महिनाभर पडून राहा' असे सांगणे सोपे. पण त्याने दुखणेही हटत नाही आणि रोजही बुडतो. त्याला हवा असतो शिकवणारा माणूस, आणि चुकले तर पुन्हा दाखवणारा.

व्यायामाने पाठ बळकट होईल. पण ओझे अमानुष असेल, तर व्यायाम तरी काय करणार? एका माणसाने ५५ किलोंहून अधिक भार वाहू नये, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली होती. आपल्याकडे शंभर किलोंचे पोते पन्नासवर यावे, यासाठी डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीला दीर्घ लढा द्यावा लागला. १९६९ च्या माथाडी कायद्याने या श्रमाला कायद्याचे संरक्षण दिले. वैद्यकाने या प्रयत्नांचे ऋण मानलेच पाहिजे.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे, की यंत्रांबरोबरच भौतिकोपचार तज्ज्ञांच्या वेळेसाठीही आपण हात सैल सोडावा. त्या वेळेचा फलक कोठे लागत नाही. पण तो वेळ मिळाल्यामुळे कोणीतरी पहाटे ताठ कण्याने कामावर जातो. आणि आप्तेष्टांना एवढेच सांगणे, की घरी रोज दहा मिनिटे आपल्या माणसाच्या शेजारी बसून व्यायाम करवून घ्या.