लोड आला की इंजिन बंद का पडते?



आजचे बोलणे यंत्राविषयी आहे. तुमच्यातले काही जण यंत्र चालवतात, काही जण गॅरेजात काम करतात. काही बहिणींच्या घरचा कमावता माणूस यंत्रावर आहे. यंत्र अडले की घरची चूलही अडते. म्हणून हे बोलणे सर्वांनीच ऐकावे.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तिन्ही गावांत एक लहानसे यंत्र आपल्या पाहण्यात येते. चार चाके, पुढे बकेट आणि मधल्या पिंजऱ्यात एकटा चालक. अरुंद जागेत ते जागच्या जागी गोल फिरते. त्याचे नाव स्किड स्टीअर लोडर. बोलण्यात मात्र सगळे त्याला बॉबकॅट म्हणतात, मग कंपनी कोणतीही असो.

या यंत्राचा जन्म मौजेचा आहे. १९५७ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात केलर आडनावाच्या दोन कारागीर भावांनी त्याचा पहिला नमुना बनवला. तो कशासाठी? टर्की नावाचे पक्षी पाळणाऱ्या एका शेतकऱ्याच्या खुराड्यातली घाण काढण्यासाठी! मोठे यंत्र आत जात नव्हते, म्हणून हे लहान बनवले. आपल्याकडेही त्याचे काम तेच आहे. जिथे मोठे यंत्र जात नाही, तिथला गाळ, माती आणि राडारोडा ते काढते.

आपल्या भागात या कामाची निकड फार. वालधुनी नदी अंबरनाथच्या जुन्या शिवमंदिराजवळून येते आणि उल्हासनगरच्या वस्तीतून कल्याणकडे जाते. पलीकडे बदलापूरला उल्हास नदी आहे. २६ जुलै २००५ चा पूर कोणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ रोजी तर बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. म्हणून पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईची घाई सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत जुने यंत्र दगा देते.

तक्रार बहुधा एकाच शब्दांत येते. "रिकामे असले की छान चालते. बकेट गाळात घातली की दबते आणि बंद पडते. पुन्हा सेल्फ मारला की चालू!"

मग चार जण जमतात. एक जण म्हणतो, "पंप गेला." झाले! पंप काढतात, कल्याणला नाहीतर ठाण्याला पाठवतात. दोन दिवस जातात, हजारो रुपये जातात. पंप बसवल्यावर इंजिन पुन्हा तसेच बंद पडते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली ही गत. पंप कधीच बिघडत नाही असे आम्ही म्हणत नाही. पण त्याची पाळी शेवटी येते. आधी काय पाहावयाचे, ते आज सांगतो. हे सारे साध्या पंपाच्या जुन्या डिझेल इंजिनाविषयी आहे. नव्या इंजिनांत संगणक असतो. त्यांची तपासणी वेगळी.

असे का होते?

चाळीतल्या नळाचे उदाहरण घ्या. पाइपात गंज साचला आहे. खालचा एकच नळ उघडला, तर तांब्या भरतो. पण सगळ्यांनी नळ सोडले की धार तुटते. पाइप आधीही चोंदलेलाच होता. जास्त पाणी मागितले तेव्हा ते कळले, एवढेच.

इंजिनाचेही तसेच आहे. रिकामे चालताना त्याला थोडेच डिझेल लागते. बकेट गाळात घातली की इंजिनाचा वेग कमी होऊ लागतो. तेव्हा पंपातला गव्हर्नर जास्त डिझेल सोडतो, म्हणजे वेग टिकावा. पण मागून डिझेलच आले नाही, तर गव्हर्नर बिचारा काय करणार? डिझेलबरोबर हवाही तितकीच लागते. तेव्हा रिकामे इंजिन छान चालते म्हणून ते निरोगी आहे, असे समजू नये.

आधी जीव, मग यंत्र

यंत्राला हात लावण्यापूर्वी बकेट जमिनीला टेकवा. इंजिन बंद करा, चावी काढून खिशात ठेवा. वर उचललेल्या आर्मखाली कोणीही जाऊ नये. आर्म वर ठेवूनच काम करावयाचे असेल, तर यंत्राबरोबर आलेला लोखंडी टेकू लावा. लाकडाच्या ओंडक्यावर भरवसा ठेवू नका.

दुसरी गोष्ट. नोझलकडे जाणाऱ्या पाइपातून गळती होते का, हे बोटाने चाचपू नका. तिथले डिझेल इतक्या दाबाने उडते की कातडी फोडून आत शिरते. वरून जखम टाचणीएवढी दिसते, पण हात जाण्याची वेळ येते. असे झाले तर ताबडतोब दवाखान्यात जा आणि "दाबाचे डिझेल आत गेले आहे" असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तिसरी गोष्ट. सीटच्या दांड्याचे किंवा स्विचचे कनेक्शन कापून जोडू नका. चालक उठला तर यंत्र हलू नये म्हणून ते दिले आहे.

पाना उचलण्याआधी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: इंजिन कसे बंद पडले? चावी फिरवल्यासारखे एकदम बंद पडले, तर वायर पाहा. डिझेल अडवणाऱ्या सोलेनॉइडची वायर ढिली असली की धक्क्याने ती सुटते आणि इंजिन थांबते. दम लागल्यासारखे हळूहळू बंद पडले, तर डिझेल किंवा हवा कमी पडते आहे.

दुसरा प्रश्न: धूर कसा होता? दबताना काळा धूर आला, तर डिझेल पोचते आहे, पण त्याला पुरेशी हवा नाही किंवा लोडच फार आहे. धूर जवळजवळ आलाच नाही, तर डिझेल पोचत नाही. पांढरा धूर असेल, तर डिझेल नीट जळत नाही. त्यात पाणी किंवा हवा मिसळली असण्याचा संभव असतो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे.

तिसरा प्रश्न: कोणत्या कामात बंद पडते? बकेट ओढताना, की यंत्र जागेवर वळवताना? कठीण जमिनीवर वळताना टायर घासत फिरतात. तेव्हा इंजिनावर मोठा भार येतो. दोन्ही कामांत बंद पडत असेल, तर संशय इंजिनावर घ्या. फक्त बकेटच्या वेळी बंद पडत असेल, तर हायड्रॉलिककडे पाहा. दाब वाढल्यावर तेलाला वाट देणारा रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल, तर चांगले इंजिनही गुदमरते. तो दाब गेज लावूनच पाहावा. अंदाजाने स्क्रू पिळू नये.

आणि चालकाची सवयही पाहा. थ्रॉटल कमी ठेवून बकेट गाळात घुसवली आणि दोन्ही लिव्हर पूर्ण ढकलले, तर नवे इंजिनही बंद पडेल. आधी थ्रॉटल वाढवा, मग काम घ्या.

स्वस्तापासून महागाकडे

आता तपासणीचा क्रम सांगतो. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्याला फार लागतात ते शेवटी.

१. टाकीचे झाकण. झाकणाला हवेचे बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले, तर डिझेल बाहेर जाते पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. झाकण सैल करून चालवून पाहा. उघडताना सूं असा आवाज आला आणि मग इंजिन नीट चालले, तर दोष सापडला. खर्च शून्य!

२. थ्रॉटलची तार. लिव्हर पूर्ण ओढल्यावर पंपावरचा हात शेवटच्या स्क्रूला टेकतो का? टेकत नसेल, तर इंजिन पूर्ण वेग घेतच नाही.

३. एअर फिल्टर. तो काढून आतून बॅटरीचा उजेड पाडा. उजेड पलीकडे दिसत नसेल तर बदला. फिल्टर न लावता यंत्र चालवू नका. धुळीने इंजिनाचे लायनर झिजतात आणि मग खर्च विचारू नका.

४. पाणी. वॉटर सेपरेटर खालून उघडा आणि थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. दहा मिनिटे बाटली हलवू नका. एक लिटर पाणी एक किलो भरते, डिझेल सुमारे ८३० ग्रॅमच भरते. म्हणून पाणी तळाला बसते आणि डोळ्यांना दिसते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून शेवाळासारखा चिकट थर होतो. तो फिल्टर बुजवतो. पावसाळ्यात उघड्या पिंपातले डिझेल वापरू नका. संध्याकाळी टाकी भरून ठेवा, म्हणजे रात्री आतल्या दमट हवेचे पाणी होत नाही. पुराच्या पाण्यात उभे राहिलेले यंत्र तर टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय चालू करूच नये.

५. डिझेल फिल्टर. कधी बदलला ते आठवत नसेल, तर बदलाच. बदलल्यावर हातपंप मारून एअर काढा. बुडबुडे थांबेपर्यंत मारा.

६. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप. ही जागा फसवी आहे. इथे डिझेल दाबाने जात नाही, ओढले जाते. पाइपाला चीर असली, तरी बाहेर थेंब गळत नाही. उलट हवा आत ओढली जाते. थोडा वेळ पारदर्शक नळी लावून चालवा. बुडबुडे दिसले, तर पाइप, क्लिप आणि वायसर बदला.

बदलापूरच्या बाजूला असेच एक यंत्र आमच्या पाहण्यात आले. दहा मिनिटे काम करी आणि बंद पडे. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होई. पंप एकदा नव्हे, दोनदा काढून झाला होता. मालकाने व्याजाने पैसे आणले होते. यंत्र भाड्याने होते, तेही परत पाठवले गेले. शेवटी एका तरुण मिस्त्रीने विचारले, "थांबल्यावर पुन्हा का चालते?" त्याने टाकी रिकामी केली. आत प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक तुकडा निघाला. डिझेल ओढले जाई, तसा तो तुकडा नळीच्या तोंडाला चिकटे. इंजिन थांबले की सुटून तळाशी जाई. त्या तुकड्याने एका घराचा हंगाम बुडवला.

७. एवढे सारे पाहून झाले तरी इंजिन दबते, तर मग फीड पंप, नोझल, व्हॉल्व्हचे अंतर, कॉम्प्रेशन आणि शेवटी मोठा पंप. ही कामे जाणत्याकडे, टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच करावी. पंप रस्त्यावर धुळीत खोलू नये.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चालवून पाहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

वही ठेवा

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. त्या तरुण मिस्त्रीच्या खिशात एक लहान वही होती. बंद पडण्याच्या वेळा त्याने आधी लिहून घेतल्या होत्या: दहा मिनिटे, अकरा मिनिटे, दहा मिनिटे. त्या आकड्यांनीच त्याला टाकीची वाट दाखवली.

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. मग ही विद्या सहीपुरतीच का ठेवावी? दोन रेघा ओढून असे लिहा:

तारीख: १२ मे. मीटरचे तास: ३४१०. काय झाले: बकेट भरताना दबले, धूर नाही. काय केले: डिझेल फिल्टर बदलला. पुढे काय: दिवसभर चालले.

अशा दहा ओळी झाल्या की यंत्राचा स्वभाव कळू लागतो. फिल्टर किती तासांनी चोंदतो ते कळते. चालक बदलला, तरी नव्या माणसाला मागची हकीकत मिळते. आणि कोणी "पंप गेला" म्हणाला, तर तुम्ही वही पुढे करून विचारू शकता, "कशावरून?"

उद्या कामावर जाल तेव्हा एवढेच करा. टाकीचे झाकण उघडून त्याचे भोक पाहा, आणि वहीची पहिली ओळ लिहा.